पेसोपासून पळणाऱ्यांचा डॉलर

ब्वेनोस आइरेसच्या फ्लोरिदा रस्त्यावर कित्येक वर्षांपासून ‘कांबियो, कांबियो’ असा पुकारा ऐकू येतो. पुकारा करणारे दलाल दिवसभर एकाच जागी उभे असतात आणि त्यांच्या हाती हिरव्या नोटा असतात, म्हणून लोकांनी त्यांना ‘छोटी झाडे’ असे नाव दिले आहे. गिऱ्हाईक मिळाले की हे झाड त्याला मागच्या इमारतीतल्या एखाद्या खोलीत घेऊन जाते. त्या खोलीला ‘गुहा’ म्हणतात. तिथे पेसो मोजून द्यायचे आणि डॉलर मोजून घ्यायचे. आता या व्यवहाराचा बराच भाग भ्रमणध्वनीवर गेला आहे. पगार जमा होताच पेसो एखाद्या खाजगी कंपनीच्या खात्यात वळते करायचे, त्यांच्या बदल्यात डॉलरच्या नावाचे एखादे आभासी नाणे घ्यायचे, आणि त्यावर व्याजही हवे असेल तर त्या नाण्याचे रूपांतर आणखी एका नाण्यात करायचे. या शेवटच्या नाण्याला त्याचे निर्मातेच ‘कृत्रिम डॉलर’ म्हणतात. हा व्यवहार पाच मिनिटांत उरकतो. त्यातून कोणाचा पैसा कोठे जातो, हे त्या पाच मिनिटांत कोणाच्या लक्षात येत नाही.

डाव्या विचारांच्या माणसाची अशा वेळची पहिली प्रतिक्रिया बहुधा रागाची असते. स्वदेशाचे चलन टाकून परकी चलन जवळ करणारा मध्यमवर्ग त्याला देशाशी बेइमान वाटतो. हा राग अन्यायाचा आहे. आर्जेन्टिनाच्या नोकरदाराने आपल्या हयातीत काय काय पाहिले ते आधी लक्षात घेतले पाहिजे. १९८९ साली तेथील महागाई तीन हजार टक्क्यांच्या वर गेली. लगेच जानेवारी १९९० मध्ये सरकारने बँकांतल्या मुदत ठेवींचे रूपांतर दहा वर्षांच्या कर्जरोख्यांत करून टाकले. ठेवीदाराला विचारलेही नाही. १९९१ मध्ये अर्थमंत्री दोमिंगो काव्हालो यांनी कायदा करून चलन डॉलरला जखडले आणि पुढे एक पेसो म्हणजे एक डॉलर हे समीकरण दहा वर्षे चालले. त्या काळात शहाण्या माणसाने काय केले? त्याने बँकेत डॉलरचीच ठेव ठेवली. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकांतून आठवड्याला अडीचशेपेक्षा अधिक रक्कम काढण्यास मनाई केली. रस्त्यांवर माणसे मेली, राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरमधून निघून गेले. त्यानंतरच्या सरकारने डॉलरच्या ठेवी डॉलरला १.४० पेसो या दराने पेसोत बदलल्या. बाजारात मात्र काही महिन्यांतच डॉलर साडेतीन पेसोंच्या वर गेला होता. कर्जांचा हिशेब याहून बोलका आहे. ज्यांनी बँकांकडून डॉलरमध्ये कर्ज घेतले होते त्यांचे कर्ज एकास एक या दराने पेसोत उतरवले गेले. घरासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाला दिलासा मिळाला हे खरे, पण त्याच दराने मोठमोठ्या कंपन्यांचीही कर्जे विरघळली. बुडाला तो ठेवीदार, आणि दोन दरांतल्या फरकापोटी बँकांना भरपाई मिळाली ती सरकारी तिजोरीतून.

एवढे सोसलेल्या माणसाला राष्ट्रीय चलनाची महती सांगायला जाणे हा शुद्ध उद्धटपणा होय. बँकेतला पेसो गेला, बँकेतला डॉलरही गेला. गादीखालचा डॉलर तेवढा टिकला. लोकांनी यातून घेतलेला धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्याहून पक्का आहे. तेथील सरकारी आकडेवारीनुसार आर्जेन्टिनाच्या रहिवाशांनी परदेशात आणि देशातल्या बँकांबाहेर ठेवलेली संपत्ती अडीचशे अब्ज डॉलरहून अधिक आहे. ती सगळी नोकरदारांची नव्हे, हे सांगायला नकोच. तिच्यातला मोठा वाटा धान्य आणि मांस निर्यात करणारे, जमीनदार आणि बांधकामवाले यांचा असणार. परंतु शिक्षिका आणि बसचालकही आपापल्या मगदुराप्रमाणे त्याच दिशेने धावत आले आहेत.

धावण्याची ही वाट अडवण्याचे प्रयत्नही झाले. २०११ मध्ये डॉलर खरेदीवर निर्बंध आले, २०१५ मध्ये उठले, २०१९ मध्ये पुन्हा आले, आणि ऑक्टोबर २०१९ पासून माणशी महिन्याला दोनशे डॉलर एवढीच मर्यादा राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी दर डॉलरला ३५० पेसो असताना रस्त्यावरचा दर हजाराच्या आसपास गेला होता. आभासी डॉलरला आर्जेन्टिनात खरा जोर मिळाला तो या काळात. त्याला परवाना लागत नव्हता आणि नोटा लपवाव्याही लागत नव्हत्या. एप्रिल २०२५ मध्ये सामान्य नागरिकांवरचे निर्बंध उठले, तरी जडलेली सवय उठली नाही.

एकटा माणूस पेसोतून बाहेर पडू शकतो. सगळा देश एकाच वेळी पडू शकत नाही. जो पेसो देऊन डॉलर घेतो त्याचा पेसो नाहीसा होत नसतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातो. हा दुसराही तो लवकरात लवकर तिसऱ्याच्या गळ्यात मारू पाहतो. या पळापळीने चलनाचा वेग वाढतो, भाव चढतात आणि प्रत्येक चढणीवर पळण्याचे कारण अधिकच खरे ठरत जाते. २०२३ मध्ये आर्जेन्टिनाची महागाई २११ टक्के होती, २०२४ मध्ये ११८ टक्क्यांच्या घरात. २०२५ मध्ये ती तीस टक्क्यांच्या आसपास उतरली, हे मान्य केले पाहिजे. पण ती उतरवण्याची किंमत कोणाकडून वसूल झाली तेही पाहिले पाहिजे. महागाई हा एक कर आहे. जो पेसोत अडकून पडला आहे तोच तो भरतो. निवृत्तिवेतनावर जगणारा म्हातारा, घरकाम करणारी बाई, कागदपत्रांवाचून रोजंदारी करणारा बोलिव्हियन गवंडी यांच्याजवळ महिनाअखेरीस बदलण्यासारखे काही शिल्लकच नसते. दर बुधवारी ब्वेनोस आइरेसमध्ये संसदेसमोर निवृत्तिवेतनधारक निदर्शने करतात आणि पोलीस त्यांच्यावर अश्रुधूर सोडतात. त्यांना डॉलरचे नाणे कसे घ्यावे हे शिकवून काय साधणार?

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका भारतीय अर्थशास्त्रज्ञाने वेगळ्या संदर्भात मांडला होता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा आग्रह धरला की रुपयाची परकी चलनाशी असलेली किंमत स्थिर ठेवण्यापेक्षा देशातली त्याची क्रयशक्ती स्थिर राखणे महत्त्वाचे आहे. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी याचा वर्गीय अर्थही उलगडला. चलनाची किंमत उतरली की व्यापाऱ्या-कारखानदारांना होणारा लाभ परदेशातून येत नाही. मजुरी भावांच्या मागे रखडते म्हणून तो देशातल्याच कष्टकऱ्यांच्या खिशातून येतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. आर्जेन्टिनात डॉलर बाळगणारा धान्यनिर्यातदार प्रत्येक अवमूल्यनानंतर अधिक पेसो मोजतो आणि त्याचा मजूर तेवढ्याच पेसोंत कमी भाकरी विकत घेतो. यावर आणखी भाष्याची गरज नाही.

त्याच ग्रंथात केन्सच्या मताचा प्रतिवाद आहे. केन्स यांनी १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या सुवर्णविनिमय पद्धतीची भलामण केली होती. या पद्धतीत भारताच्या चलनामागची गंगाजळी मोठ्या प्रमाणात लंडनमध्ये, ब्रिटिश रोख्यांत गुंतवून ठेवलेली असे. चलन वापरायचे हिंदुस्थानच्या रयतेने आणि त्यामागची रक्कम कर्जाऊ मिळायची लंडनच्या बाजाराला. आजच्या स्टेबलकॉइनची मांडणी याहून फार वेगळी नाही. टेथर या सर्वांत मोठ्या नाण्याची कंपनी लोकांकडून डॉलर घेते, एका डॉलरला एक नाणे देते आणि हाती आलेला पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारच्या अल्प मुदतीच्या रोख्यांत गुंतवते. रोख्यांवरचे व्याज कंपनीचे. नाणेधारकाला त्यातला छदामही मिळत नाही. २०२४ या एका वर्षाचा आपला नफा तेरा अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे या कंपनीने स्वतःच जाहीर केले. पूर्वी तर गंगाजळीबद्दलही बोंब होती. ज्या काळात प्रत्येक नाण्यामागे पुरता डॉलर असल्याचे सांगितले जात होते त्या काळात बहुतेक दिवस तो नव्हता, असे ठरवून अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने २०२१ मध्ये तिला चार कोटी दहा लाख डॉलरचा दंड केला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने या नाण्यांसाठी कायदा केला. त्यामागची गंगाजळी रोकड आणि सरकारी अल्पमुदती रोखे अशा स्वरूपात असावी, आणि नाणे काढणाऱ्या कंपनीने नाणेधारकाला व्याज देऊ नये, अशी त्यात तरतूद आहे. या नाण्यांमुळे आमच्या रोख्यांची मागणी वाढेल, असे अमेरिकेचे अर्थमंत्री उघडपणे सांगतात. म्हणजे ब्वेनोस आइरेसच्या शिक्षिकेची किंवा लागोसच्या भाजीवालीची शिल्लक बिनव्याजी गोळा करून ती वॉशिंग्टनच्या तिजोरीला पुरवायची, आणि मधले व्याज दलालाने खायचे, अशी ही व्यवस्था आहे.

कृत्रिम डॉलरचा प्रवेश होतो तो नेमक्या या जागी. ‘तुम्हाला व्याज मिळत नाही ना? मग आमच्याकडे या,’ हे त्याचे आवाहन आहे. २०२४ च्या आरंभी बाजारात आलेले एथेना या संस्थेचे यूएसडीई हे नाणे या जातीतले सर्वांत मोठे. त्याची रचना समजायला अवघड नाही, आणि कार्यकर्त्यांनी ती समजून घेतली पाहिजे. कारण अशा गोष्टी अवघड असल्याचा बहाणा करूनच खपवल्या जातात.

लातूरच्या एखाद्या व्यापाऱ्याने शंभर क्विंटल सोयाबीन गोदामात भरले आणि त्याच वेळी वायदेबाजारात शंभर क्विंटल विकून ठेवले, असे समजू. भाव पडले तर गोदामात तोटा आणि वायद्यात नफा. चढले तर उलट. दोन्हींची बेरीज जिथल्या तिथे. एथेना सोयाबीनऐवजी बिटकॉइन आणि ईथर बाळगते आणि तेवढ्याच रकमेचा मंदीचा सौदा करून ठेवते. बेरीज डॉलरमध्ये स्थिर राहते, म्हणून या जोडगोळीला डॉलर म्हणायचे. त्यात अमेरिकी सरकारचा डॉलर असलाच तर थोडाबहुत, तोही दुसऱ्या स्टेबलकॉइनच्या रूपाने.

मग व्याज कोठून येते? मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर ज्यांनी दिवस काढले त्यांना ‘बदला’ आठवेल. शेअर घेण्याची ऐपत नसलेला तेजीवाला आपला सौदा पुढे ढकलण्यासाठी बदल्याचे पैसे मोजत असे. आभासी नाण्यांच्या बाजारात मुदत नसलेले वायदे चालतात. त्यांतही असाच बदला असतो, आणि तो बहुधा दर आठ तासांनी चुकता होतो. भाव चढणार अशी सर्वांना धुंदी असते तेव्हा तेजीवाले मंदीवाल्यांना पैसे देतात. एथेना कायम मंदीच्या बाजूला असल्याने ते पैसे तिला मिळतात, आणि ईथर साखळीत गुंतवून मिळणाऱ्या मोबदल्याची भर घालून ती ते नाणे राखून ठेवणाऱ्यांना वाटते. २०२४ मध्ये काही काळ हा परतावा वर्षाला वीस टक्क्यांच्याही वर होता. पुढे बाजाराची धुंदी उतरली तसा तोही उतरला. धुंदीचे भय झाले की प्रवाह उलटा वाहतो आणि मंदीवाल्यालाच पैसे मोजावे लागतात. दलाल स्ट्रीटवर याला ‘उंधा बदला’ म्हणत. त्यासाठी एथेनाने एक राखीव निधी ठेवला आहे. तो किती दिवस पुरेल हे उंधा बदला किती दिवस चालेल यावर अवलंबून. मुंबईचा बदला १९९३ मध्ये बंद झाला, पुन्हा वेगळ्या रूपात सुरू झाला आणि २००१ च्या शेअर घोटाळ्यानंतर कायमचा गेला. त्या बदल्यावर आपली घरभाड्याची रक्कम लावा असे कोणी गिरणी कामगाराला सांगितले नव्हते, एवढे श्रेय दलाल स्ट्रीटला द्यायला हरकत नाही.

हे नाणे आणि मे २०२२ मध्ये कोसळलेले टेरा नाणे एकाच माळेचे मणी नव्हेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. टेरामागे त्याच कंपनीच्या दुसऱ्या नाण्याखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. तेथे वर्षाला एकोणीस-वीस टक्के व्याजाचे आमिष होते, आणि काही दिवसांत अब्जावधी डॉलरची राख झाली. एथेनामागे मालमत्ता आहे. परंतु ती मालमत्ता, तिला तोलून धरणारे सौदे आणि ते सौदे जेथे होतात ते मूठभर खाजगी बाजार, हे सर्व एकाच वादळाच्या टप्प्यात आहेत. १० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी चिनी मालावर आणखी शंभर टक्के जकातीची धमकी दिली आणि आभासी नाण्यांच्या बाजारात एका दिवसात एकोणीस अब्ज डॉलरच्या उसनवारीच्या सौद्यांचा निकाल लागला. त्या रात्री बायनान्स या सर्वांत मोठ्या बाजारात यूएसडीईचा भाव ६५ सेंटपर्यंत पडला. इतर ठिकाणी तो डॉलरच्या जवळपास राहिला आणि बायनान्सवरही लवकरच सावरला. दोष त्या बाजाराच्या भाव ठरवण्याच्या रीतीचा होता, असा खुलासा झाला आणि भरपाईही दिली गेली. खुलासा खरा मानला तरी प्रश्न उरतोच. हे नाणे कंपनीकडे थेट परत करून डॉलर मागण्याचा हक्क मान्यताप्राप्त संस्थांनाच आहे. सामान्य धारकाने ते बाजारात विकायचे, म्हणजे त्या रात्री ज्या भावाला गिऱ्हाईक मिळेल त्या भावाला. मोठ्या ठेवीदारांनी पुढच्या काही आठवड्यांत आपला मार्ग धरला. सुमारे चौदा अब्ज डॉलरचा हा पसारा वर्षअखेरीपर्यंत जवळजवळ निम्म्यावर आला. जर्मनीच्या नियामकाने तर त्याआधीच, मार्च २०२५ मध्ये, त्रुटी दाखवून तेथील विक्री थांबवली होती.

ब्वेनोस आइरेसची शिक्षिका अशा रीतीने सरकारच्या जुगारातून सुटून अनोळखी सटोडियांच्या जुगारात भागीदार होते. तिच्या बचतीवरचे व्याज कोणा कारखान्याच्या उत्पादनातून येत नाही. चढेल या आशेने उसने घेऊन खेळणाऱ्या तरुणांच्या खिशातून येते, आणि त्या तरुणांत तिच्याच शहरातले बेकारही असू शकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष मिलेई यांनी एका आभासी नाण्याची जाहीर शिफारस केली आणि ते काही तासांतच गडगडले. त्या देशात बचतीला सल्ला कोणाचा मिळतो, ते यावरून दिसते.

यावर बंदी हा उपाय नव्हे. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. व्यवहार थांबले नाहीत, ते माणसामाणसांत होऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. त्याच सुमारास नायराची किंमत वर्षाच्या आत एक तृतीयांशाच्या जवळ आली, आणि सरकारने खापर फोडले ते एका परदेशी बाजारावर. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परदेशात राबणाऱ्या मजुराला दोनशे डॉलर घरी पाठवण्यासाठी जगात सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो. ही नाणी ते काम पुष्कळदा स्वस्तात करतात. दुबईत किंवा कुवेतमध्ये असलेल्या रत्नागिरीच्या सुताराने स्वस्त मार्ग शोधला तर त्याला दोष कोण देणार? बँकांनी हा दर उतरवला नाही, आणि डाव्या पक्षांनी तो उतरवण्यासाठी फारसे आंदोलनही केले नाही.

भारतात आज आर्जेन्टिनासारखी पळापळ नाही. आभासी नाण्यांवरच्या नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के कर आहे आणि प्रत्येक विक्रीवर एक टक्का उगमातच कापला जातो. दुसरीकडे, २००४ पासून रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली निवासी नागरिकाला डॉलर बाहेर नेण्याची मुभा आहे, आणि आज ती वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत आहे. ज्याच्याजवळ तेवढे आहे त्याची रुपयातून बाहेर पडण्याची वाट कायदेशीर आणि प्रतिष्ठित आहे. त्याला कोणी देशद्रोही म्हणत नाही.

प्रश्न उरतो तो ज्याला बाहेर पडता येत नाही त्याच्या बचतीचा. ब्राझीलची महागाई आर्जेन्टिनाइतकीच भयंकर होती, तरी तेथील लोक एवढ्या प्रमाणात डॉलरकडे गेले नाहीत. १९६४ नंतर तेथे ठेवींची रक्कम भावपातळीनुसार वाढवण्याची पद्धत रुजली होती, हे त्याचे एक मोठे कारण सांगितले जाते. पद्धत निर्दोष नव्हती. तिने महागाई थांबवली नाही, उलट तिला अंगवळणी पाडले. बँकेत खाते नसलेल्याला तिचा काही उपयोग नव्हता, आणि १९९० मध्ये सरकारने ठेवी गोठवून विश्वासाला तडाही दिला. तरीही पैसा देशातच राहिला. आर्जेन्टिनाने २०१६ मध्ये महागाईशी निगडित ठेवी सुरू केल्या, पण किमान मुदतीची अट घातली. दोन वेळा ठेवी गमावलेल्या माणसाला मुदतीचीच भीती असते, एवढे तेथील अर्थखात्याच्या ध्यानात आले नसावे. भारतात डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने किरकोळ भावनिर्देशांकाशी जोडलेले बचतरोखे आणले. त्यांना थंड प्रतिसाद मिळाला आणि योजना मागे पडली. कामगार संघटनांच्या मागण्यांच्या यादीत महागाई भत्ता असतो. कामगाराच्या शिलकीला महागाई भत्ता मिळावा अशी मागणी त्या यादीत क्वचितच आढळते.